घरातला एकच पंखा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात तक्रारीची एक पिवळी स्लिप असे. वर गिऱ्हाइकाचं नाव, मग गाव, मग मशीनला काय झालंय ते, आणि सगळ्यात खाली 'इंजिनिअर'. नजीरा शिकलगार दोन वर्षं या स्लिपा भरत होती. दुकानात आलेली निम्मी मशिनं तीच खोलायची आणि तीच जोडायची. पण तिच्या हातून चालू झालेल्या मशीनच्या स्लिपेवर शेवटच्या ओळीत 'दुकान' एवढंच पडायचं. नाव पडायचं ते बाहेरगावी जाणाऱ्याचं, म्हणजे ज्ञानूचं. ज्ञानू मोटारसायकलला बॅग अडकवून कागल, गडहिंग्लज, आजरा असा फिरायचा आणि संध्याकाळी येऊन गिऱ्हाइकाकडं काय जेवलो ते सांगत बसायचा.

मलाही बाहेर पाठवा, असं नजीरानं मालकांना तीनदा सांगून पाहिलं होतं. मालक म्हणजे गणपतराव. आधी टाइपरायटर दुरुस्त करायचे. ते दिवस संपत आल्याचं ओळखून वेळेत कॉम्प्युटरकडं वळलेले. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता.

"लोकांच्या घरात जायचं असतंय," ते म्हणायचे. "तू मशीन खोलून ठेवलंस आणि जमलं न्हाय, तर मी गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"ज्ञानूला जमत न्हाय तेव्हा काय सांगता?"

"लाईट खराब हाय म्हणून सांगतो," गणपतराव प्रामाणिकपणे म्हणाले.

नजीराचे वडील गैबी शिकलगार सायकलवर सहाणेचं चाक घेऊन सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरायचे. लहानपणी शाळेला सुट्टी असली की नजीरा त्यांच्या मागं कॅरियरवर. चाकावरून ठिणग्या उडायच्या आणि घरी परतेपर्यंत दोघांची बोटं काळी व्हायची. गैबींची एक सवय होती. कुणी सुरी पुढं केली की तिच्याकडं बघायच्या आधी ते विचारायचे, "क्या काटते इससे?" बाई म्हणायची, कांदा. कुणी म्हणायचं, कोंबडी. एखादी ओशाळून सांगायची, की पोरानं हिच्यानं वायर सोलली. मग ते सुरी हातात घ्यायचे. हा प्रश्न नजीरानं हजार वेळा ऐकला असेल. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकताना तो तिला कुणी शिकवला नाही.

ऑक्टोबर २००१. दसऱ्याला अजून तीन आठवडे होते. सकाळी दहाला दुकानातला फोन खणाणला आणि गणपतरावांनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. पलीकडून हुपरीच्या अंबूबाई बोलत होत्या. मागच्या खोलीत बसलेल्या नजीरालाही शब्दन् शब्द ऐकू येत होता.

अंबूबाईंचा घरातच पैंजणांचा कारखाना. नवरा गेल्यावर तो त्यांनी चालवला आणि वाढवला. सून अक्षता शिकलेली. ती कॉम्प्युटरवर पैंजणांची डिझाइनं काढायची. राजकोटचा व्यापारी यायचा तेव्हा त्याच्यापुढं कागदावर छापलेले नमुने ठेवायचे, त्यानं बोट दाखवायचं आणि दिवाळीचं काम ठरायचं. आज पाच वाजता तो व्यापारी येणार होता. आणि आज सकाळपासून कॉम्प्युटर चालू होत नव्हता.

हे चौथ्यांदा झालं होतं. दर वेळी असंच: हुपरीत मशीन मेलेलं असायचं. अंबूबाईंचा माणूस ते गोधडीत गुंडाळून एसटीनं कोल्हापूरला आणायचा. दुकानात बटण दाबलं की ते झक्कास चालू. ज्ञानूनं एकदा पॉवर सप्लाय बदलला, एकदा रॅम बदलली, तिसऱ्यांदा काहीच बदललं नाही, आणि दर वेळी स्वतः हुपरीला जाऊन ते जोडून दिलं. हुपरीत गेलं की पंधरा-वीस दिवस चालायचं आणि पुन्हा बंद. ज्ञानूचं निदान ठरलेलं होतं, हुपरीची लाईट.

"ज्ञानू कुठं हाय?" गणपतरावांनी फोन ठेवून विचारलं.

"आजऱ्याला. काजूच्या कारखान्यात," नजीरा म्हणाली. "संध्याकाळशिवाय येत न्हाय."

गणपतरावांनी कपाळावरचा घाम पुसला. मग त्यांनी पिवळी स्लिप ओढली, अंबूबाईंचं नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि शेवटच्या ओळीशी येऊन पेन थांबवलं.

"जा तू. पण नीट ऐक. जमलं तर हितनं पुढं स्लिपेवर तुझं नाव. न्हाय जमलं, तर हा विषय परत माझ्यापुढं काढायचा न्हाय. काउंटर आणि मागची खोली, बास."

"मशीन घेऊन येऊ?"

"आणू नको! हितं आलं की चालू होतंय ते! तिथंच कर काय करायचं ते."

शेवटची ओळ त्यांनी कोरीच ठेवली.

साडेबाराला नजीरा हुपरीच्या स्टँडवर उतरली. बॅगेत स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, एक जादा पॉवर सप्लाय, एक रॅमची पट्टी. आणि मनात जत्रेला निघाल्यासारखा आनंद. एसटीत बसून तिनं एकच हिशोब पुन्हा पुन्हा केला होता. हुपरीत बंद, दुकानात चालू. दुकानात असं काय आहे जे हुपरीत नाही? किंवा हुपरीत असं काय आहे जे दुकानात नाही?

अंबूबाई दारातच उभ्या होत्या. साठीच्या, काटक, कपाळावर कुंकवाच्या जागी रुपयाएवढं गोंदण.

"तू? बापय माणूस न्हाय आला?"

"बापय माणूस तीनदा येऊन गेला की, मावशी. चालू झालं काय?"

अंबूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तोंड हाय की तुला. ये आत. पाय त्या काथ्याच्या पट्टीवर पूस. जाताना पण पुसायचं."

पुढच्या सोप्यात पाच-सहा बाया चटईवर बसून काम करत होत्या. एकीच्या हातात गॅसची बारीक ज्योत, दुसरीच्या हातात कानस. तिसरी चिमट्यानं घुंगरू उचलून पैंजणाच्या कडीला लावत होती. कोपऱ्यात पॉलिशची मोटर घुमत होती. त्याच कोपऱ्यात टेबल, टेबलावर मॉनिटर आणि प्रिंटर, आणि जागा उरली नाही म्हणून कॉम्प्युटरचा डबा खाली फरशीवर. त्याच्या शेजारी अक्षता, डोळे रडून लाल.

"बत्तीस डिझाइनं हाईत आत," ती म्हणाली. "दोन महिने बसलोय मी त्याच्यावर. एक बी कागद छापलेला न्हाय."

"बटण दाब."

अक्षतानं बटण दाबलं. आतून 'टक्' असा आवाज झाला, मागचा पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा फेरा.

 आजवर नजीरानं हे मशीन फक्त चालताना पाहिलं होतं. आज पहिल्यांदा ते तिच्यासमोर मेलं होतं. आणि ते गुपचूप मेलेलं नव्हतं. त्यानं उठायचा प्रयत्न केला होता. वीज येत होती. आत कुठंतरी ती नको तिथून वाहत होती आणि पॉवर सप्लाय घाबरून हात मागं घेत होता. लाईट खराब असती तर असं झालं नसतं.

तिनं झाकण काढलं. एक एक भाग सोडवायला सुरुवात केली. फ्लॉपी काढली, बटण दाबलं, अर्धा फेरा. सीडी काढली. अर्धा फेरा. हार्ड डिस्क काढली, तेव्हा अक्षतानं तोंडावर हात घेतला. "ह्यात हाईत तुझी बत्तीस डिझाइनं," नजीरा म्हणाली. "हिला काय झालेलं न्हाय. ही बघ, तुझ्या मांडीवर ठेव." अक्षता ती हार्ड डिस्क तान्ह्या पोरासारखी धरून बसली. रॅम काढली. अर्धा फेरा. मग पॉवर सप्लाय मुख्य बोर्डापासून सोडवला आणि त्याच्या जोडातली हिरवी तार काळीला वायरच्या तुकड्यानं जोडली. पंखा भर्रकन फिरायला लागला आणि फिरतच राहिला.

"चालू झालं!" एक बाई ओरडली.

"न्हाय अजून. पण हा चोर न्हाय, एवढं कळलं." नजीरानं बोर्डाकडं बोट केलं. "चोर हितं हाय."

दोन वाजले. पत्र्याचं छप्पर तापलं होतं. ओढणी पाठीला चिकटली होती, कपाळावरून घाम गळून बोर्डावर पडेल म्हणून ती मान वाकडी करून काम करत होती. बोर्डावर करडी-काळी धूळ होती, ग्रीसमध्ये कालवल्यासारखी. तशी तर कोल्हापुरात प्रत्येक मशीनमध्ये असते. ज्ञानू ती दुकानाच्या मागच्या दारात फुंकून टाकायचा.

"मावशी, जरा पंखा लावता काय? हात घसरायलाय."

सोप्यातल्या सगळ्या बाया हसल्या. अंबूबाईही हसल्या.

"पंखा? आगं पोरी, कारखान्यात पंखा न्हाय लावत. कानस मारली की चांदी उडती. पंखा लावला तर जाईल की भिंतीला, छपराला, शेजारणीच्या परड्यात! एवढ्या उन्हात बसतो आमी, ते काय हौस म्हणून? ह्या अख्ख्या घरात पंखा न्हाय."

नजीरा स्क्रू ड्रायव्हर हातात धरून तशीच बसली.

"हाय की, मावशी," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"पंखा. एक हाय तुमच्या घरात." आणि तिनं उघड्या डब्यातल्या पंख्याकडं बोट केलं. "सकाळधरनं रात्रीपर्यंत फिरतोय. जमिनीला टेकून. पॉलिशच्या मोटरीला लागून."

 नजीरानं तर्जनी बोर्डावरून फिरवली आणि अंगठ्याशी चोळली. साधी धूळ चोळली की मऊ होते. ही मऊ होईना. ही चुरचुरली. अब्बांच्या चाकाखाली साठणारा कीस असाच चुरचुरायचा. डोळे मिटूनही तिला तो ओळखता आला असता. तिनं पिवळी स्लिप पालथी घातली, त्यावर बोट टेकवलं आणि नखानं जोरात घासलं. काळ्या डागाच्या मधोमध एक बारीक रेघ लखकन चमकली.

"चांदी!" अक्षता किंचाळली.

अंबूबाईंनी कागद ओढून घेतला, उजेडाकडं धरला, पुन्हा नख मारलं. चाळीस वर्षं या धातूवर बसलेल्या बाईला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"माझी हाय ही," त्या म्हणाल्या.

आता सगळं एका झटक्यात जागेवर बसत होतं आणि नजीराला बोलताना दम लागत होता. पंखा हवा ओढतो. हवेबरोबर चांदी येते. पॉलिशच्या चिकटपणानं ती बोर्डावर बसते. पुरेशी साठली की दोन टोकं जोडते आणि मशीन बंद. मग एसटी. खड्ड्यांतून तासभर हादरे बसले की थोडी गळून पडते, उरलेली ज्ञानू दुकानात फुंकतो, आणि मशीन चालू.

"थांब थांब," अंबूबाई म्हणाल्या. "म्हंजे त्या ज्ञानूनं माझी चांदी गटारीत फुकली व्हय?"

"तीनदा," नजीरा म्हणाली.

"मेल्याला मी मटण वाढलंतं!"

नजीरानं बोर्ड साफ करायला तोंड खाली नेलं आणि गाल फुगवले, तेवढ्यात अंबूबाईंचा हात तिच्या तोंडावर आला. "फुकायचं न्हाय!" हुपरीत जमिनीवरचा केर कुणी फेकत नाही. तो डब्यात साठवतात, वर्षाअखेरी झारेकरी येतो, तो धुऊन-गाळून त्यातली चांदी वेगळी करून देतो. हात धुतलेलं पाणीसुद्धा घमेल्यात ठेवतात. आता केर जमिनीवरचा असो की कॉम्प्युटरमधला, कायदा तोच. एक पांढरा कागद पसरला गेला. कीस गोळा करायचा मऊ केसांचा ब्रश आला. सहा स्क्रू काढून नजीरानं बोर्ड बाहेर घेतला, तर त्याच्या पाठीमागं, डब्याच्या तळाशी, काळ्या पिठाचा चिमूटभर ढीग. सगळ्या बाया काम सोडून भोवती आल्या. जत्रेत गारुड्याभोवती व्हावी तशी गर्दी झाली. नजीरा ब्रश मारत होती, अक्षता कागद सरकवत होती, अंबूबाई पडणारा कण न् कण नजरेनं मोजत होत्या.

साडेतीन. बोर्ड परत बसला, त्यावर रॅमची पट्टीही.  नजीरानं बटण दाबलं.

पंखा फिरला. अर्ध्या फेऱ्यावर आला, पुढं गेला, फिरतच राहिला. बायांनी टाळ्या वाजवल्या. पण पडदा काळाच. आणि मशीन जो एक छोटा आवाज देतं, सगळं ठीक असल्याचा, तो आला नाही.

टाळ्या थांबल्या.

"आता काय?" अक्षता म्हणाली. घड्याळाकडं बघू नये असं ठरवूनही दोघींनी बघितलं.

नजीराच्या कानात काउंटर, मागची खोली, बास, असं वाजायला लागलं. तिनं रॅमची पट्टी काढली आणि पुन्हा बटण दाबलं. मशीन लांब सूर काढून रडायला लागलं. पीऽऽप. पीऽऽप.

नजीराचा चेहरा उजळला. "रडतंय!"

"मग हसतीस काय?" अंबूबाई वैतागल्या.

"मावशी, रडतंय म्हंजे जीव हाय! रॅम न्हाय म्हणून रडतंय. आणि रॅम घातली की गप्प बसतंय." तिनं बॅगेतली नवी पट्टी घालून पाहिली. गप्प. "म्हंजे पट्टी चांगली हाय. ती बसती त्या खाचेत कायतरी हाय."

तिनं टॉर्च मारला. बोटभर लांबीची खाच, आत दाटीवाटीनं बसलेले सोनेरी दात, आणि मधल्या दोन दातांमध्ये केसासारखं काहीतरी पांढरं. कडी जोडताना तुटून पडलेला चांदीचा कण. तो आधी कुठंतरी वरच पडलेला असणार. साफ करताना तिच्याच ब्रशनं तो आत ढकलला होता. हे तिला लगेच कळलं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही. तिनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत घातलं. जाईना. सुई मागितली. सुई कणाला लागली, कण आणखी खाली गेला.  एक दात वाकला असता तरी बोर्ड गेला असता.

"सर बाजूला," अंबूबाई म्हणाल्या.

"मावशी, लई नाजूक हाय ते."

"आणि मी काय लाकडं फोडतो व्हय दिवसभर?"

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. घुंगरू उचलायचा चिमटा घेतला. विस्तवाच्या जवळ, मोहरीएवढी घुंगरं दिवसाला हजारांनी बसवणारा हात तो. तो खाचेवर आला आणि हवेत दगडासारखा स्थिर झाला. नजीरानं टॉर्च धरला. "जरा डावीकडं, मावशी. दातांना लावायचं न्हाय. आता खाली." सोप्यात फक्त मोटर घुमत होती, कुणीतरी तीही बंद केली.

चिमटा वर आला. टोकाला चांदीचा एक तुसासारखा तुकडा.

अंबूबाईंनी तो आधी केराच्या डब्यात टाकला आणि मगच भिंग काढलं.

नजीरानं रॅम बसवली. दोन्ही बाजूंचे चाप कट्, कट् बसले. अक्षताच्या मांडीवरची हार्ड डिस्क जोडली. बटण.

पीप.

एकच, छोटा, नेटका. पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. अक्षतानं नजीराला मिठी मारली, बायांनी असा कालवा केला की शेजारची बाई परसातून डोकावून विचारायला लागली, काय झालं, पोरगा झाला का? चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पहिलं डिझाइन प्रिंटरमधून इंचाइंचानं बाहेर यायला लागलं.

त्यानंतर नजीरानं एकही वाक्य विनंतीचं बोललं नाही. मशीन आजच आतल्या खोलीत न्यायचं, मधलं दार लावायचं. डबा जमिनीवर ठेवायचा नाही. पुढच्या जाळीवर मलमलचा तुकडा बांधायचा, दर शनिवारी बदलायचा.

"आणि त्या तुकड्याचं काय करायचं?" अक्षतानं विचारलं.

"केरात," अंबूबाई आणि नजीरा एकदमच म्हणाल्या.

तिथूनच तिनं दुकानात फोन लावला.

"लाईट खराब हाय काय?" गणपतरावांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"न्हाय सर. चांदी हाय." तिनं सगळं सांगितलं.  पलीकडून स्लिपा चाळल्याचा आवाज आला.

"उद्या इचलकरंजी हाय," गणपतराव म्हणाले. "यंत्रमागवाला हाय एक. मशीन चालता चालता तापून बंद पडतंय म्हणतोय. ज्ञानू म्हणतोय लाईट. स्लिप लिहितो. नजीराच लिहू, का नजीरा शिकलगार?"

"शिकलगार लिवा. आणि सर, त्याला फोन करून विचारा, मशीन मागाच्या शेडमध्ये हाय काय?"

"का?"

"तिथं चांदी नसंल. पण कापूस असंल."

निघताना तिनं काथ्याच्या पट्टीवर पाय पुसले. तेवढ्यानं भागलं नाही. अंबूबाईंनी कागद पसरून तिला ओढणीही त्यावर झटकायला लावली. मग हातात कडीचा डबा दिला. "मटण हाय. ज्ञानूला देऊ नगो."

महिनाभरात दुकानाच्या स्लिपा संपल्या. नवीन छापायला टाकताना नजीरानं गणपतरावांकडून एक ओळ वाढवून घेतली: 'खोलीत काय काम चालते'. ज्ञानूला ती ओळ अजिबात आवडली नाही. पहिल्याच दिवशी तो स्लिप नाचवत मागच्या खोलीत आला.

"मुरगूडच्या मास्तरांचं मशीन हाय. स्वयंपाकघरात ठेवलंय. काय लिहू हितं? स्वयंपाक?"

"लिही," नजीरा बॅग भरता भरता म्हणाली. बॅगेत आता मऊ केसांचा एक ब्रश होता. "आणि फोडणी मशीनपासनं किती लांब असती, ते पण विचारून लिही."